नानकटाई मागायला गेलेले आचार्य

एकदा एक कापडाचा व्यापारी नदीकाठच्या पाठशाळेत आला आणि आचार्यांसमोर बसून बराच वेळ नुसता उपरण्याचे टोक चुरगाळत राहिला. आचार्य फार वृद्ध होते. समोरच्याने बोलायला कितीही वेळ लावला तरी त्यांची हरकत नसे. त्यांच्या शेजारी बसलेला ज्येष्ठ शिष्य हरिहर मात्र अस्वस्थ झाला होता. हरिहरचे अध्ययन संपत आले होते. शास्त्रचर्चेत त्याला निरुत्तर करणारा कोणी पंचक्रोशीत उरला नव्हता, आणि दुःखी माणसाची समजूत घालण्यात आपल्याला बऱ्यापैकी गती आहे, असे त्याचे त्यालाही वाटू लागले होते.

अखेर त्र्यंबकशेठ, म्हणजे तो व्यापारी, बोलू लागले.

"आमचा अनंत गेला, ते आपल्याला ठाऊकच आहे. तापाचं निमित्त झालं आणि हातातोंडाशी आलेला मुलगा गेला. मी दुकानात जाऊन बसतो, गिऱ्हाइकांशी बोलतो, माझं कसंतरी निभतं. पण द्वारका उठतच नाही. माजघरात भिंतीला पाठ लावून बसलेली असते. स्वयंपाक सगळा लेकीवर, वेणूवर पडलाय. अनंताचं नाव निघालं की ही उठून आत जाते, म्हणून आम्ही घरात त्याचं नावच काढत नाही."

"आणि दिवाळी तोंडावर आली," आचार्य म्हणाले.

"हो. वर्षाच्या आत आमच्याकडे सण नाही, ते ठीकच आहे. पण आचार्य, ही दिवाळीत अख्ख्या आळीला नानकटाई पुरवायची हो. सगळ्यांना घेऊन बसायची. आता वेणू काही विचारायला गेली तरी तिच्याकडे बघत नाही. मला भीती वाटते, मुलगा गेलाच, आता ही पण..." उपरण्याने डोळे टिपून ते म्हणाले, "आपण एकदा घरी येऊन तिला चार शब्द सांगा. आपलं ऐकेल ती."

"येतो," एवढेच आचार्य म्हणाले.

त्या संध्याकाळी नदीकाठाने चालत जाताना हरिहर मनातल्या मनात जुळवाजुळव करत होता. देहाची नश्वरता, आत्म्याचे अविनाशित्व, काळाचा महिमा. आचार्यांनी मध्येच आपल्याला बोलायला सांगितले तर कुठून सुरुवात करावी, हेही त्याने ठरवून ठेवले.

त्र्यंबकशेठांच्या माजघरात शिरल्यावर त्याला प्रथम दिसले ते डबे. ज्या घरात वर्षाच्या आत सण नसतो, तिथे आप्तेष्ट फराळाचे नेऊन देतात. त्या रीतीप्रमाणे कोनाड्यात, फडताळावर, खिडकीत, जिकडेतिकडे डबे ठेवलेले होते. काहींवर फडके बांधलेले होते आणि त्याची गाठही कोणी सोडली नव्हती. त्या डब्यांच्या मधोमध द्वारकाबाई बसल्या होत्या. आचार्यांना पाहून त्या उठल्या, पदर सावरून नमस्कार केला आणि पुन्हा भिंतीशी बसल्या. वेणूने पाणी आणून ठेवले. सोळा-सतरा वर्षांची ती मुलगी आईकडे बघत दारातच उभी राहिली.

आचार्यांनी पाणी घेतले. मग म्हणाले, "बाई, मी एका कामासाठी आलो आहे. पाठशाळेतल्या काही मुलांची गावं फार लांब आहेत. ती दिवाळीत घरी जाणार नाहीत. आमच्या स्वयंपाकीणबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्यात. मुलांसाठी नानकटाई हवी होती. तुम्ही करून द्याल का?"

हरिहरला वाटले, आपण काहीतरी चुकीचे ऐकले.

त्र्यंबकशेठ गोंधळून म्हणाले, "आचार्य, आपण विसरलात वाटतं. यंदा आमच्याकडे सण नाही."

"विसरलो नाही. सण नाही, म्हणून तर बाईंना सवड असेल असं वाटलं."

हरिहरने मान खाली घातली. आपल्या गुरूंच्या तोंडून असे वाक्य ऐकण्याची वेळ यावी, याची त्याला लाज वाटली.

"तुमच्या घरी दिवाळी करा असं मी म्हणत नाही," आचार्य शांतपणे म्हणाले. "तुम्ही खाऊ नका, देवापुढे ठेवू नका. मुलांसाठी करून द्या, एवढंच मागतो आहे."

द्वारकाबाईंनी वर पाहिले. "माझ्या हाताला आता चव राहिली नाही, आचार्य."

"मग बिनचवीची करा. आमच्या स्वयंपाकीणबाईंच्या हाताला कधीच नव्हती. मुलं तेच खाऊन मोठी होतायत."

वेणूला एकदम हसू आले आणि तिने घाईने तोंडावर हात धरला. आचार्य उठले, "उद्या सामान पाठवतो" म्हणाले आणि निघाले.

परतताना हरिहरने नदी येईपर्यंत स्वतःला आवरले. मग त्याच्याने राहवेना. "आचार्य, क्षमा करा. पण आपण त्यांच्या घरी सांत्वनाला गेलो होतो. मूल गेलेल्या आईकडे आपण खाऊ मागितलात. लोक काय म्हणतील?"

"निर्लज्ज म्हणतील," आचार्य म्हणाले. "उद्या सकाळी तू तूप, मैदा, पिठीसाखर आणि वेलदोडे घेऊन जा. बाई करायला बसल्या तर मदत कर. नाही बसल्या तर तू करायला बस."

"मला नानकटाई करता येत नाही."

"ते मला माहीत आहे," आचार्य म्हणाले, आणि पुढे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी हरिहर सामानाचे गाठोडे घेऊन गेला. त्र्यंबकशेठ दुकानात जायच्या तयारीत होते. द्वारकाबाई भिंतीशीच होत्या. त्यांनी गाठोड्याकडे पाहिलेसुद्धा नाही. वेणूने आईकडे, मग हरिहरकडे पाहिले आणि हळूच स्वयंपाकघराकडे बोट दाखवले.

जन्मात कधी पिठात हात न घातलेला तो पंडित चुलीपुढे पाट मांडून बसला. आश्विनअखेरच्या थंडीने तूप दगडासारखे थिजले होते. ते मैद्यात कालवायचे कसे, हे त्याला कळेना. तेव्हा त्याने सरळ तुपाचे भांडे चुलीवर ठेवले आणि ते पातळ झाल्यावर परातीतल्या मैद्यात ओतून दिले. त्यावर साखर लोटली. हात घातला तेव्हा सारे मिश्रण बोटांतून गळू लागले. त्याने आणखी मैदा घातला. मग ते कोरडे ठक्क झाले. त्याने आणखी तूप वितळवायला घेतले.

"अहो, तूप वितळवताय कशाला?"

हरिहरने मागे वळून पाहिले. द्वारकाबाई दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या, कोण जाणे.

"घट्ट होतं, काकू."

"घट्टच लागतं! थिजलेलं तूप आणि साखर आधी फेसायची. वितळलेलं घातलंत तर नानकटाई भट्टीत पसरते, चकतीसारखी होते. कोणी सांगितलं तुम्हाला हे?"

"कोणीच नाही."

"ते दिसतंच आहे." त्यांनी परातीत बोट घालून पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "उठा तिथून. वेणू, हे सगळं काढून ठेव, याच्या दशम्या करू. दुसरी परात घे. आणि त्या गाठोड्यातलं उरलेलं तूप बघ किती आहे."

वेणू क्षणभर जागची हललीच नाही. आईच्या तोंडून सलग इतके शब्द तिने उन्हाळ्यापासून ऐकले नव्हते. मग तिने लगबगीने परात आणली.

द्वारकाबाई पाटावर बसल्या. थिजलेल्या तुपाचा गोळा परातीत टाकून त्यांनी तळव्याने तो परातीच्या बुडाशी दाबत, गोल गोल फिरवायला सुरुवात केली. थोडी थोडी साखर घालत त्या फेसत राहिल्या. पिवळसर तुपाचा रंग हळूहळू उतरत गेला आणि ते लोण्यासारखे पांढरे, हलके झाले. हरिहर पाहत होता. कोणतेही माप न घेता, नुसत्या तळव्याच्या अंदाजाने त्या कुठे थांबायचे ते ओळखत होत्या. मध्येच त्यांनी त्यातला एक थेंब पाण्याच्या वाटीत टाकला. तो तरंगला. "झालं," त्या म्हणाल्या, "आता मैदा."

पीठ मळून झाकून ठेवले. भट्टी कशी करायची, हा पुढचा प्रश्न होता. मोठ्या पातेल्यात वाळू तापवायची, त्यावर ताटली ठेवायची आणि वरच्या झाकणावर निखारे पसरायचे, असे त्या घरात चालत आलेले होते. पण ते पातेले माळ्यावर होते, आणि ते दरवर्षी काढत असे अनंत. वेणू शिडीकडे पाहून थबकली. तेवढ्यात त्र्यंबकशेठ उपरणे खुंटीला अडकवून आत आले. दुकानाला निघालेले ते बायकोचा आवाज ऐकून दारातूनच परत फिरले होते. त्यांनी स्वतःच शिडी लावली, पातेले खाली काढले आणि चुलीपाशी बसले. "निखारे मी बघतो," ते म्हणाले.

मग चौघेही कोंडाळे करून बसले. द्वारकाबाईंनी पिठाचा लहानसा गोळा घेऊन तळव्यावर वळला, किंचित दाबला, त्यावर चारोळी टेकवली. वेणूच्या हाताला ते सवयीचे होते. हरिहरच्या गोळ्यांना भेगा पडत होत्या. "फार दाबू नका, तळव्याच्या उबेने वळू द्या," द्वारकाबाई त्याला म्हणाल्या आणि त्याच्या हातातला गोळा घेऊन त्यांनी तो पुन्हा वळून दाखवला. त्याचा पुढचा गोळा थोडा बरा झाला. त्यावर त्यांनी मान हलवली. एखादी शास्त्रचर्चा जिंकल्यावरही हरिहरला इतका आनंद झाला नव्हता.

पहिली ताटली पातेल्यात गेली. शेठजींनी उत्साहाच्या भरात झाकणावर निखाऱ्यांचा ढीग केला. थोड्याच वेळात वेलदोड्याचा वास सुटला आणि पाठोपाठ करपल्याचा. झाकण काढले तर साऱ्या नानकटाया वरून काळ्या ठिक्कर पडलेल्या.

"अहो!" द्वारकाबाई म्हणाल्या.

शेठजी अपराध्यासारखे बघत राहिले. मग अचानक त्यांच्या तोंडून निघून गेले, "अनंता असता तर म्हणाला असता, बाबा, तुम्ही कापडच विका."

बोलून गेल्यावर शेठजींच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. वेणूचा हात पिठावरच थांबला. आता या बाई उठून आत जाणार, हे हरिहरला दिसत होते.

द्वारकाबाई उठल्या नाहीत. हातातला गोळा त्या वळत राहिल्या. मग खाली बघूनच म्हणाल्या, "आणि स्वतः काय करायचा? माझी पाठ वळली की कच्चं पीठ खायचा. अर्ध्या नानकटाया भट्टीपर्यंत पोचायच्याच नाहीत."

"मलाही द्यायचा," वेणू म्हणाली. "आईला सांगू नको म्हणायचा."

"मला कळायचं नाही होय? मी पीठ जास्तच मळायची." एवढे बोलताच द्वारकाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. तुपाने माखलेल्या हातांनी ते पुसताही येईना. वेणू आईला बिलगली. त्र्यंबकशेठ चुलीकडे तोंड करून बसून राहिले. त्यांचे खांदे हलत होते. हरिहरला आता काय म्हणावे हे सुचेना, आणि काही म्हणायला नको, हे त्याला त्याच वेळी उमगले. त्याने झाकणावरचे निम्मे निखारे चिमट्याने उतरवले आणि दुसरी ताटली पातेल्यात ठेवली.

ती मात्र छान उतरली. फिकट बदामी रंग, वर बारीक भेगा, हात लावताच मोडेल अशी. द्वारकाबाईंनी एक मोडून पाहिली. खाल्ली नाही. मोडलेल्या कडेकडे निरखून पाहिले आणि म्हणाल्या, "जमली आहे. बाकीच्या लावा."

नरक चतुर्दशीच्या सकाळी पाठशाळेतली मुले न्हाऊन अंगणात बसली होती. हरिहर नानकटाई आणायला निघणार, तेवढ्यात फाटकातून त्र्यंबकशेठांचे सारे घरच आत येताना दिसले. शेठजींच्या डोक्यावर भला मोठा डबा होता. द्वारकाबाईंनी तो उघडला आणि स्वतः पंगतीत फिरून वाढू लागल्या. मुले आधी लाजली, मग लाज सोडून मागू लागली. एका लहानग्याने दोन्ही हातांत दोन नानकटाया धरून, तोंड भरलेले असतानाच विचारले, "आजी, तुमच्या घरी कोण कोण आहे?"

द्वारकाबाई त्याच्यासमोर बसल्या. त्याच्या हनुवटीला लागलेला चुरा पदराने पुसत म्हणाल्या, "आम्ही दोघं आहोत. वेणू आहे. आणि अनंत होता."

"तो कुठे गेला?"

"देवाघरी गेला," त्या म्हणाल्या. "त्याला नानकटाई फार आवडायची. तुझ्यासारखीच, दोन्ही हातांनी."

मुलाने क्षणभर विचार केला, आपल्या हातातल्या दोन्ही नानकटायांकडे पाहिले आणि एक त्यांच्यापुढे धरली. हरिहर लांबून पाहत होता. कालपर्यंत या बाईंपुढे फराळाचे कितीतरी डबे आले होते आणि त्यांनी एकाचेही फडके सोडले नव्हते. आज त्यांनी त्या मुलाच्या हातची अर्धी मोडून घेतली आणि तिथेच बसून खाल्ली.

पंगत आटोपल्यावर हरिहर आचार्यांपाशी जाऊन बसला. त्या दिवशी नदीवर आपण त्यांना काय काय बोललो, ते त्याला आठवत होते.

"आचार्य, ते सोंग होतं का?" त्याने विचारले. "नानकटाई मागणं?"

"छे. मुलं इथेच राहणार होती, त्यांना दिवाळीचं काही हवं होतं. खोटी गरज घेऊन गेलो असतो तर बाईंनी पहिल्या वाक्याला ओळखली असती. दुःखात माणसाचा कान फार तीक्ष्ण होतो." "असं बघ, हरिहर. अनंत गेल्यापासून त्या घरात जो तो काही द्यायला गेला. कोणी डबा दिला, कोणी धीर दिला, कोणी उपदेश केला. सगळी भली माणसं. पण त्या बाईंचा सारा जन्म दुसऱ्यांसाठी करण्यात गेला. ज्याच्यासाठी करायचं तो मुलगा गेला, आणि आपण सगळ्यांनी मिळून, दयेपोटी, त्यांच्या हातातलं उरलेलं कामही काढून घेतलं. माझ्याकडून आता कुणाला काही नको, असं ज्याला वाटतं, त्यानं सकाळी उठावं कशासाठी? म्हणून मी मागायला गेलो."

"पण आपण त्यांना दोन शब्दही सांगितले नाहीत."

"मला त्यांच्याइतकं दुःख कुठे कळतं? त्यांना मी काय सांगणार?" आचार्य म्हणाले. "आणि शेवटी त्यांनीच सांगितलं की. तुलाही बरंच शिकवलं, असं ऐकतो."

हरिहर हसला. मग त्याने हळूच विचारले, "म्हणजे आता त्यांचं दुःख सरलं?"

"नाही रे. ते कसं सरेल? उद्या त्या पुन्हा भिंतीशी बसतील. परवाही बसतील कदाचित. पण त्र्यंबकशेठ आता घरात मुलाचं नाव घेऊ शकतात. लेकीला आईशी बोलायला विषय आहे. पुष्कळ झालं."

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला द्वारकाबाई डबा आवरत होत्या. निघता निघता त्या आचार्यांना नमस्कार करायला आल्या. चेहरा थकलेला होता, डोळे अजून सुजलेले होते. पण पदर खोचलेलाच होता.

"आचार्य, संक्रांतीला मुलांना तिळाच्या वड्या करून देईन म्हणते," त्या म्हणाल्या. "मऊ आवडतात की कडक?"

"मला काय ठाऊक? त्यांनाच विचारा."

द्वारकाबाई मुलांकडे वळल्या. हरिहर उठला आणि न सांगताच त्यांच्या हातातला डबा घेऊन त्यांच्या मागोमाग चालू लागला. मुलांचा गलका सुरू झाला. निम्मी मऊ म्हणत होती, निम्मी कडक, आणि त्या गलक्यात मध्ये उभ्या राहून द्वारकाबाई एकेकाचे नीट ऐकून घेत होत्या.

आपल्या ओळखीत असे एखादे शोकाकुल घर असेल, तर तिथे काय न्यावे याचा विचार आपण करतोच. तिथे जाऊन काय मागता येईल, याचाही एकदा करून पाहावा.